विहिरीपासून बेचाळीस पावलं

हळद शिजायला लागली की आमच्या गावाचा फाटा डोळे मिटूनही कळतो. यंदा एसटीतून उतरले, पिशवी खाली ठेवली, आणि तो वास आला. धुराचा, ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला कडसर, उष्ण, पिवळा वास. वासाला कुठं रंग असतो का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यानं हळद शिजवायच्या काहिलीशेजारी उभं राहून माघ-फाल्गुन काढलेत तो म्हणणार नाही.

दोन वर्षं मी या दिवसांत गावाकडं फिरकले नव्हते. सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून राहिले. शेजारीण विचारायची, "काकू, हळदीला नाही गेलात?" मी म्हणायची, गुडघा दुखतोय. गुडघ्याचं नाव सांगितलेलं बरं असतं, तो काही उलट बोलत नाही. यंदा मात्र जावं लागलं. का ते सांगते, पण मला सरळ रेषेत सांगता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि लेकीची पुस्तकं वाचून. तेव्हा आठवेल तसं ऐका.

आमचे हे पलटणीत सिग्नलला हवालदार होते. पण पलटणीतून कुठल्याही हुद्द्यावरून परत आलेल्या माणसाला आमच्याकडं मेजरच म्हणतात, म्हणून हेही मेजर. आयुष्यभर तारा ओढल्या, बर्फात खांब उभे केले. निरोप पोचला पाहिजे, एवढं एकच त्यांच्या अंगात मुरलेलं. जेवायला बोलावलं आणि मी "आले" म्हणाले नाही, तर परत हाक मारायचे. "निरोप पोचला का न्हाई ते कळाया नको?" म्हणायचे.

पेन्शनीत आल्यावर कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांची वायरिंग बघायला लागले. तिथं अडगळीत पडलेला एक कॉम्प्युटर त्यांनी मागून आणला. पुस्तकं आणली, इंग्रजी डिक्शनरी आणली, आणि पन्नाशी उलटल्यावर परत शाळकरी झाले. लिनक्स नावाचं काहीतरी त्या डब्यात घातलं. मी विचारलं, "आवं, हे काय असतंय?"

"ह्याचं झाकण उघडतंय," म्हणाले. "बाकीच्यांची उघडत न्हाईत."

मला तेवढं पुरलं. झाकण उघडत नसलेल्या भांड्यात काय शिजतंय ते कळत नाही, हे बाईमाणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यांचा लॅपटॉप अजून माझ्याकडं आहे. हा नंतरचा, लेकीनं दिलेला. त्याची बटणं पिवळी आहेत. सगळी नाहीत, जी जास्त लागायची तेवढीच. हळदीच्या दिवसांत आम्ही रानातल्या खोपीत मुक्काम टाकायचो, आणि हे ढिगात हात घालून आले की तसेच टायपायला बसायचे. "हात तरी धुवा," मी ओरडायची. "हळद हाय, घाण न्हवं," हे म्हणायचे. सगळ्यात पिवळं झालंय ते लिहिलेलं खोडायचं बटण. माणूस किती वेळा चुकला आणि किती वेळा मागं जाऊन परत आला, ते त्या एका बटणावरून कळतं.

त्यांनी जो प्रोग्रॅम लिहायला घेतला त्याचं नाव 'पाणंद'. पाणंद म्हणजे रानातली वाट, ती सगळ्यांच्या शेतांमधून जाते आणि कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून. काम असं होतं. आमच्या रानात एका कंपनीचं नेट महामार्गाकडच्या टॉवरवरून येतं, दुसरीचं नदीपलीकडून. दोन्ही अर्धी-मुर्धी. तर दोन मोबाईल कॉम्प्युटरला जोडायचे, एकाचं नेट पडलं की चालू काम अल्लद दुसऱ्यावर न्यायचं, आणि नेताना मधे काही सांडू द्यायचं नाही. एवढंच. एका कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घ्यायचं, त्याची झोप न मोडता. मी त्यांना असं म्हणाले तर हसले आणि म्हणाले, "आगं, ह्याच्यापरीस चांगलं मला पन सांगता आलं नसतं."

लिहून झालं की जगासाठी मोकळं ठेवायचं. कुणीही न्यावं, उघडावं, बदलावं. गावाला याचा उलगडा होईना. पारावर माणसं विचारायची, "मेजर, एवढं करताय, मग त्येचं तुमाला काय?" हे मिशीत हसायचे. "पाणंदीचं कुनाला काय मिळतंय रं?" तरी माणसं आपापले बिघडलेले मोबाईल घेऊन खोपीवर यायचीच. कुणाचा आवाज येत नाही, कुणाचा चार्ज होत नाही. एक म्हातारा तर टीव्हीचा रिमोट घेऊन आला होता. तोही दुरुस्त करून दिला.

महिनाअखेरीला हे रिपोर्ट लिहायचे. नेटवर त्यांचं एक पान होतं, त्यावर. पलटणीतलं इंग्रजी, आखूड-आखूड वाक्यं. लिहून झालं की मला मराठीत वाचून दाखवायचे. त्यात तीन भाग असत. ह्या महिन्यात हे झालं. हे ऱ्हायलं. हे कशामुळं होतंय कळत न्हाई. मला तो तिसरा भाग आवडायचा. नवरा म्हणून नाही सांगत, पण "कळत न्हाई" असं जाहीर लिहून खाली आपलं नाव घालणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वाचायची आणि उलट लिहायची, मेजर, असं करून बघा.

आता काडीचं सांगते. हळद काहिलीत घालायची, वरून पाला दाबायचा, खाली पाचट-लाकडं पेटती ठेवायची. शिजली का नाही हे घड्याळ सांगत नाही. एक हळकुंड बाहेर काढायचं आणि खराट्याची काडी खुपसायची. लोण्यात गेल्यासारखी आरपार गेली तर शिजली. मधे अडली तर नाही. कच्ची उतरवली तरी वरून काही दिसत नाही. वाळते, पॉलिश होते, सोन्यासारखी चमकते. आतली खोट निघते ती पुढं कुणाच्या तरी घरात, डब्याला भुंगा लागला की. म्हणून काडी घरात एकाच माणसाच्या हाती असते आणि तिनं "न्हाई" म्हटलं की दुसऱ्यानं काहिलीला हात लावायचा नाही. आमच्याकडं ती काडी सासूबाईंनंतर माझ्याकडं आली.

माझी धाकटी जाऊ हिरा. कामाला वाघ, पण धीर नाही. "आक्का, काढू का आता? लाकडं सपत आली."

"थांब. काडी अडतीया."

"तुमची काडी लय शानी. समद्या गावाच्या काहिली उतरल्या, आपलीच चढून बसलीया नवरीवानी."

"बसू दे."

"आवं, जरा दाबून खुपसा की! जाईल."

"दाबून गेली म्हंजे शिजली व्हय गं?"

हे बाजेवर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "मला टेस्टिंगला मानूस पायजे. तू ये."

मी म्हणाले, मला कसलं त्यातलं कळतंय!

"कळाया नकोच हाय. तू हळदीला कवा खोटं बोलली न्हाईस. मला तसंच मानूस पायजे."

त्यांची अडचण अशी होती. पाणंद चालते का हे चालत्या माणसाकडं नेट असतानाच कळणार. म्हणून त्यांनी एका पाटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला, त्याला दोन मोबाईल जोडले, शेजारी बॅटरी, आणि एक छोटा स्पीकर. त्यावर नेटवरचा रेडिओ लावायचा. मी पाटी डोक्यावर घ्यायची, विहिरीपासून पावलं मोजत बांधानं खाली लवणात उतरायचं. लवण म्हणजे आमच्या रानातला खोलगट भाग. तिथं महामार्गाकडचं नेट मरतं आणि नदीपलीकडचं नुकतं जागं होत असतं. बदल व्हायचा तो नेमका तिथंच. गाणं चालू राहिलं तर चालू. गाणं थांबलं, आणि पुढं दहा पावलं टाकूनही परत आलं नाही, तर तुटलं. मग मी ओरडायचं, "तुटलं!" आणि खोपीवरून हे ओरडायचे, "थांब तिथंच!" मग मी तिथंच खांबासारखी उभी, आणि हे लॅपटॉपवर आकडे बघणार.

मी एकदा विचारलं, आत एवढं मशीन आहे, ते स्वतः सांगत नाही का, तुटलं म्हणून? तर म्हणाले, "तीच तर गोम हाय. मशीन म्हनतंय, दोनी मोबाईल जोडल्यात, समदं झकास. त्येला वाटतंय चालू हाय. गानं बंद पडल्यालं मानसाच्या कानालाच कळतंय."

वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी कागद चिकटवून दिला होता. मोठ्या अक्षरात. वायर लाव. हिरवा दिवा बघ. गाणं ऐक. खरं लिही.

चार हंगाम मी ती पाटी वाहिली. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. "मेजरीनबाई, डोक्यावर काय टावर घिऊन चाललाय?" डोक्यावर नाट्यगीत वाजतंय, पदराला वही खोचलीय, आणि मी आपली मोजतेय, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. हिरा म्हणायची, "भाऊजींनी आक्कांचा पार भोंगा केला." वहीत मी लिहायची, 'बेचाळीस पावलं. तुटलं.' पुढच्या फेरीला, 'बेचाळीस पावलं. तुटलं.' कधी चव्वेचाळीस, कधी एक्केचाळीस. पानंच्या पानं तशी आहेत. प्रत्येक "तुटलं"वर हे म्हणायचे, "ब्येस." मला वाटायचं, तुटल्यावर ब्येस काय म्हणतोय हा माणूस! आता कळतं. खरं सांगणारं कुणीतरी आहे, याला ते ब्येस म्हणत होते.

मग तो हंगाम आला.

दिवाळीपासूनच त्यांना धाप लागत होती. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि माझ्याकडं न बघता लेकीकडं बघून बोलले, तेव्हाच मी समजले. फुप्फुसं गेली होती. तरी हळदीला खोपीवर न्या म्हणून हट्ट धरला. बाजेवर तीन उशा लावून बसवलं. काहिलीचा धूर येऊ नये म्हणून हिरानं चूल पार दुसऱ्या अंगाला हलवली. एका शब्दानं कुरकुरली नाही.

त्यांना पाणंदीची दुसरी आवृत्ती बाहेर काढायची होती. पहिलीत दोन मोबाईल नुसते जोडले जात. दुसरीत चालता चालता बदल व्हायला हवा होता. एवढं झालं की मी मोकळा, म्हणायचे. मी दिवसातून पाच-पाच फेऱ्या मारत होते. प्रत्येक वेळी बेचाळीसला गाणं मरायचं. मी "तुटलं!" ओरडायची. "थांब तिथंच!" आता त्यांना ओरडता येत नव्हतं, हात वर करायचे. मग उशा सोडून पुढं वाकायचे आणि तास-तास बोटं चालवायचे. भाकरी तशीच कोरडी पडायची. खोकला आला की एका हातानं तोंडाला टॉवेल, दुसरा हात बटणांवरच.

त्या दिवशी दुपारची चौथी फेरी होती. ऊन तापलं होतं. मी लवणात उतरले. बेचाळीस. गाणं थांबलं. मी दहा पावलं टाकली. वीस टाकली. डोक्यावर नुसतं वजन, आवाज नाही. मागं वळून बघितलं. हे बाजेवर ताठ बसून माझ्याकडं बघत होते. टॉवेल खांद्यावर. पोरं निकालाच्या दिवशी मास्तरांच्या तोंडाकडं बघतात तसे. एवढ्या लांबून मला त्यांचे डोळे दिसणं शक्य नव्हतं. तरी दिसले.

मी ओरडले, "चालू हाय!"

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी परत येईपर्यंत हसत होते. वहीत लिहिताना माझा हात थरथरला नाही, हे मला अजून आठवतं आणि त्याचीच भीती वाटते. 'चालू.' त्यांनी त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली, वर दही मागितलं. संध्याकाळच्या आत दुसरी आवृत्ती जगाला देऊन टाकली, रिपोर्ट लिहिला आणि मला वाचून दाखवला. ह्या महिन्यात हे झालं. चालता चालता बदल होतोय. बायकोनं पायी तपासलंय.

त्या रिपोर्टात तिसरा भाग नव्हता.

पंधरा दिवसांत एक पत्र आलं. उत्तरेकडं डोंगरात एक माणूस गाडीतून पुस्तकं घेऊन गावोगाव हिंडतो, फिरतं वाचनालय. पुस्तकांच्या नोंदी करायला तो पाणंद वापरायचा. त्यानं लिहिलं, मेजरसाहेब, एका वळणावर मशीन म्हणतं चालू आहे, पण येत काहीच नाही. हे बुचकळ्यात पडले. मला म्हणाले, "वही आन." वही उघडली, त्या पानावर बोट ठेवलं. मग स्वतःशीच मान हलवली आणि त्याला लिहिलं की आमच्या रानात हे चालतंय, पायी तपासलेलं आहे, तुमच्या फोनातच दोष असणार. तो भला माणूस. उलट दोन ओळी आल्या. आभारी आहे, मग माझा फोनच असेल.

यांना चैन पडेना. स्वतःच्या लिहिण्यात चूक शोधायचं सोडून त्या परक्या माणसाच्या फोनात काय बिघडलं असेल याचा विचार करत राहिले. मिरजेच्या दवाखान्यात नाकाला नळी, आणि तशात मला जवळ बोलावलं.

"ती चौथी फेरी. तुला खात्री हाय न्हवं?"

आत्ता सांगायचं होतं. सगळं तिथंच होतं, माझ्या दाताच्या मागं. पण नळीतून हवा जात होती त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "व्हय. चालू हुतं."

"मग ब्येस," म्हणाले.

पहिलं खोटं मी त्यांच्यासाठी बोलले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. त्यांना वाकून खोकताना माझ्याच्यानं बघवत नव्हतं. मला विसावा पाहिजे होता, मला. काडी दाबून मीच खुपसली. आणि दुसऱ्या खोट्याला तर कसलंच नाव देता येत नाही.

हळद खळ्यावर वाळत होती, पॉलिशला जायची होती, तेव्हा हे गेले. माणसं भेटायला आली की म्हणायची, समाधानानं गेले, हातातलं काम पुरं करून गेले. मी मान हलवायची.

त्यानंतर मी काडी हातात धरली नाही. हिरा एकदा फोनवर म्हणाली, "आक्का, मला न्हाई जमत. मी लवकर काढती. मला ठावं हाय मी लवकर काढती." मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

माझी लेक माधुरी शिरवळला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. ती तिथून खाली येते, मी सांगलीहून वर जाते, गाव मधे पडतं. पण ही दोन वर्षं तीच सांगलीला यायची. या संक्रांतीला आली तेव्हा तिनं बाबांचा लॅपटॉप पुसायला काढला, चालू केला. "आई, बाबांना पत्रं आलीयेत," म्हणाली. गेलेल्या माणसाला पत्रं येतच राहतात, हे मला माहीतच नव्हतं. त्यांत त्या वाचनालयवाल्याची तीन होती. माधुरी मराठी करून वाचत गेली. मेजरसाहेब, प्रकृती कशी आहे? महिनाअखेरीचा रिपोर्ट आला नाही. मी दुसऱ्या फोनवरही करून बघितलं, वळणावर तसंच होतं. तुमची परवानगी असेल तर झाकण उघडून बघू का? तुमच्याकडं चालतं म्हणालात, म्हणजे मलाच काहीतरी कळत नाही.

मलाच काहीतरी कळत नाही. ते ऐकलं आणि मी माधुरीच्या हातावर हात ठेवला. "बाळा, त्याचा फोन चांगला हाय." आणि सगळं सांगितलं. लवण, बेचाळीस, वीस पावलं, दवाखाना.

तिनं हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. पोरीचं तोंड तिच्या बापासारखं आहे, गप्प झाली की जास्तच. मग म्हणाली, "बाबांना सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"परत वाकून बसले असते."

"बसू द्यायचं होतंस, आई."

ती रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तेवढं एकच वाक्य, आणि ते बरोबर होतं. त्यांचं काम, त्यांचा श्वास. कशावर खर्चायचा ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. मी कोण मधे पडणार?

मग मी बोलले तसं तिनं लिहिलं. मी मेजरांची बायको. ते आता नाहीत. वहीत मी खोटं लिहिलं होतं. तुमचा फोन चांगला होता. तुम्ही त्याला उगाच नावं ठेवली असतील तर ती मला ठेवा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात बोल लावलेला नव्हता. साहेब गेल्याचं वाचून गाडी रस्त्याकडेला लावून बसून राहिलो, असं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, मी झाकण उघडून एक बदल केला आहे. माझ्या वळणावर आता चालतं. पण साहेबांच्या रानात चालतं का, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? चालाल का?

म्हणून मी यंदा हळदीला आले.

फाट्यापासून रानापर्यंत गुडघा खरंच दुखत होता, आता खोटं कशाला सांगू. हिरानं लांबूनच बघितलं. काहिलीजवळून पळत आली, पिवळ्या हातांनीच गळ्यात पडली, माझं पातळ खराब केलं. "आलीस व्हय गं बये," म्हणाली. तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत हाक मारली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. मग डोळे पुसून काडी माझ्या हातात दिली. "बगा, शिजलीया का."

मी खुपसली. अडली. "न्हाई," म्हणाले. हिरा एवढ्या मोठ्यानं हसली की बांधावरची पाखरं उडाली.

दुपारी माधुरीनं नवा बदल भरला आणि खोपीत त्यांच्या बाजेवर लॅपटॉप घेऊन बसली. बाजेचं सुंभ आता सैल झालंय, ती मधे खोल बसली. मी पुठ्ठ्यावरचा कागद बघत वायर लावली. हिरवा दिवा लागला. पाटी डोक्यावर घेतली. वजन तेवढंच होतं, मान तेवढी राहिली नव्हती. रेडिओवर कुणीतरी भजन म्हणत होतं. विहिरीपासून मोजायला सुरुवात केली.

बांधाच्या कडेला हळदीचा कापलेला पाला वाळून पडला होता, पायाखाली चुरचुरत होता. तीस. पस्तीस. लवणाची उतरण लागली. माझ्या मनात काय होतं ते सांगते. चालू दे, असं मी देवाला सांगत होते. एकदाच चालू दे, म्हणजे माझं खोटं निदान उशिरा तरी खरं होईल. चाळीस. एक्केचाळीस.

बेचाळीसला भजन थांबलं.

दहा पावलं टाकली. मोजून दहा. वाट बघितली. आणखी एक टाकलं नाही. मागं वळून बघितलं तर खोप होती, बाज होती, बाजेवर माझी लेक खाली मान घालून होती.

"तुटलं!" मी ओरडले. घसा फाटला तरी पर्वा केली नाही. "तुटलं!"

माधुरीनं मान वर केली. पुढचं वाक्य तिला माहीत नव्हतं. ते कुणी म्हणालं नाही. काहिलीतून वाफ वर जात होती, हिरा तिच्या कामात होती, पलीकडच्या रानात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.

मी तिथंच थांबले. पाटी डोक्यावर तशीच ठेवून एका हातानं पदराची वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं.

विहिरीपासून बेचाळीस पावलं. तुटलं.